उत्तर बरोबर हाय

"आज नाय. आज बी.एड."

ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. मी विचारलं होतं, "पापलेट कसं दिलं गं?"

हसा. मीही आता हसते. वसईतल्या एका बी.एड. कॉलेजच्या पायऱ्या, वर्ग सुरू व्हायची पहिली सकाळ. पायरीवर एक तरुण मुलगी मोठी पिशवी गुडघ्यांत धरून बसलेली. केसांत अबोलीचा गजरा, आणि शेजारणीशी बोलतानाचा आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही ऐकू जाईल असा. मी दादरची, बी.ए. मराठी, वसईच्या एव्हरशाईन वसाहतीत नुकताच फ्लॅट घेतलेली, चाळिशी ओलांडलेली शहाणी बाई. एवढ्या सामग्रीवर मी तिची टोपली, तिचा धंदा आणि तिची जागा ठरवून टाकली. पिशवीत मासे नव्हते. गुंडाळलेले तक्ते होते.

मी ओशाळून म्हटलं, "माफ कर हं, मला वाटलं कोळीण आहेस."

आत्तापर्यंत ती गमतीत होती. आता चिडली.

"माफी कसली? कोलीनच हाय मी. पाचूबंदरची."

भाव विचारल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. तिला लागली ती माफी. हे मला कळायला पुष्कळ दिवस जावे लागले. मी हळूहळू शिकते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही दोघी एकाच वर्गात बसायचो, पण एकाच कारणाने नव्हे. माझी मुलं कॉलेजात गेली होती, दुपारी रिकाम्या होत्या, आणि शेजारणीने म्हटलं होतं, "तुमची भाषा इतकी शुद्ध, शाळेत का नाही शिकवत?" तेवढ्यावर मी फुगले होते. ती मात्र बंदराजवळच्या एका हायस्कुलात आधीच शिकवत होती, तात्पुरत्या जागेवर. शाळेने बजावलं होतं की पुढच्या जूनपर्यंत बी.एड. झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी. पदवी होती, वर्ग सांभाळता येत होता, पोरं ऐकत होती, पण प्रशिक्षित नव्हती. माझ्यासाठी बी.एड. म्हणजे हौस होती. तिच्यासाठी नोकरी.

ती मला मावशी म्हणायची. मी म्हटलं, "अगं, ताई म्हण. वर्गमैत्रीण आहे मी तुझी."

"बरं, मावशी."

ती काही गरीब गाय नव्हती. अक्षर भयंकर. माझा बालमानसशास्त्राचा स्वाध्याय तिने शब्दन् शब्द उतरवला, माझ्या चुकांसकट, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी भांडले, तर म्हणाली, "मंग? माझ्याकडं ते नीट वाटलं असंल." कुठल्याही आरोपाला तिचं पहिलं उत्तर "मंग?" हेच. डबा माझा, पण उघडायची ती. बोंबील आणला की मात्र पहिला तुकडा माझ्या पोळीवर ठेवायची आणि मी खाते की नाही हे टक लावून पाहायची.

बी.एड. म्हणजे काय असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे खरं शिकवणं कमी आणि शिकवण्याचं नाटक जास्त. धड्याचं नाव बाईंनी आधी सांगायचं नसतं. प्रश्न विचारत विचारत ते पोरांच्या तोंडून काढून घ्यायचं. त्याला म्हणायचं प्रस्तावना. धडा आंब्यावर असेल तर "उन्हाळ्यात कोणतं फळ येतं?" इथून सुरुवात. एखाद्याने कलिंगड म्हटलं की बाईंना घाम फुटलाच. पोरांच्या तोंडून नेमका शब्द पडला की तो स्वच्छ उच्चारून फळ्यावर लिहायचा आणि म्हणायचं, "तर आज आपण..." मागच्या बाकांवर आम्ही बाकीच्या निरीक्षणं लिहीत बसायचो. उच्चार, फलकलेखन, दिग्दर्शन, प्रत्येकाचा वेगळा रकाना.

तिच्या उच्चाराच्या रकान्यात सगळ्याजणी एकच लिहायच्या. न आणि ण. तिच्या घरी, गल्लीत, बंदरावर ण नव्हताच. पानी, लोनी, कोन. मराठीच्या मॅडम प्रत्येक सराव पाठानंतर सगळ्यांसमोर म्हणायच्या, "अगं, तू भाषा शिकवणार ना?" आणि वर्ग हसायचा. त्या वर्गात मीही होते, आणि हसणाऱ्यांत माझा आवाज खणखणीत शुद्ध होता.

मग माझ्यातली समाजसेविका जागी झाली. मी तिला घरी बोलावलं. ण साठी जीभ वर वळून टाळूला लागली पाहिजे, म्हणून मी तिच्या टाळूला गूळ चिकटवला आणि म्हटलं, "आता जिभेने तो चाट आणि म्हण, पाणी."

"पाऽऽणी."

"शाब्बास!"

"मावशी, गूल संपला. परत लाव."

अर्धी ढेप गेली. ण आला. पण आला तो असा आला की जायलाच तयार नाही. मनाचं मण झालं. वनात ऐवजी वणात. एकदा तिने गंभीर चेहऱ्याने वाचलं, "आईचं मण फार मोठं असतं," आणि आतल्या खोलीतून माझ्या नवऱ्याने विचारलं, "किती किलोचं?" ती आधी त्याच्यावर खवळली, मग माझ्यावर, आणि मग आम्ही तिघं हसत सुटलो. पण ती जिद्दीने बसली. आरशासमोर बसली. शेवटी तिला मन आणि पाणी दोन्ही म्हणता यायला लागलं, आणि मी सोसायटीभर सांगत सुटले की एका कोळ्याच्या मुलीला मी कशी भाषा दिली. भाषा दिली म्हणे. त्या वेळची मी आज दारात आले, तर मी दार उघडणार नाही.

वार्षिक पाठाच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांचं नाव मला चांगलं आठवतं. लिहिणार नाही. एवढीही जागा मला त्यांना द्यायची नाही.

वर्ग पाचवीचा, शाळा वसई गावातली. बरीच मुलं बंदरावरची, बाकीची वाडीतली. तिचा धडा पाण्यावर. मीच सांगितलं होतं, "घे हाच, तुझा हुकमी शब्द आहे." परीक्षक मागे खुर्चीत. त्यांच्या शेजारच्या बाकावर मी. ती उभी राहिली आणि अशी बोलली की माझा ऊर भरून आला. एक शब्द घसरला नाही. प्रस्तावना सुरू झाली.

"उन्हातून खेळून आल्यावर आपण आईकडे आधी काय मागतो?"

पुढच्या बाकावरची एक बारकी पोरगी हात वर करून जवळजवळ उभीच राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"पानी!"

"शाब्बास," ती म्हणाली, आणि वळून फळ्यावर लिहिलं, पाणी.

"एक मिनिट." परीक्षक. "मुलीने काय उत्तर दिलं?"

ती खडू हातात घेऊन वळली.

"चूक झाली ना? दुरुस्त करून घ्या. तिला उभी करा, म्हणवून घ्या."

पोरगी आपण होऊनच उभी राहिली होती. शाब्बास म्हटल्यावर फुललेला तिचा चेहरा अजून तसाच होता. चुकलंय काय, हे तिला कळलं नव्हतं. ती एकदा बाईंकडे बघायची, एकदा मागे.

आणि इथे माझा दुसरा पराक्रम. मला वाटलं, पोरगी घाबरली, विसरली. पोरगी म्हणजे माझी, फळ्यापुढची. म्हणून मी मागून कुजबुजले, "पाणी... पाणी!" माझी कुजबुज काय असते ते माझ्या नातवंडांना विचारा. दाराबाहेर बसलेला शिपाई उठला, आत आला आणि तांब्याभांडं माझ्यापुढे धरलं. सगळा वर्ग खदखदला.

परीक्षकही हसले. म्हणाले, "बघा मॅडम, शिपायालासुद्धा कळलं. तुम्हाला नाही कळलं."

ती हसली नाही. तिने खडू ठेवला. हात पदराला पुसले. मग तिने त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"उत्तर बरोबर हाय, सर."

इतका वेळ 'आहे', 'नाही', 'पाणी' सगळं जागच्या जागी म्हणणारी ती, 'हाय' म्हणाली. ते चुकून नव्हतं हे मला कळलं, त्यांनाही कळलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पाठ पुढे झाला, छान झाला, पोरांनी भराभर उत्तरं दिली. पण त्या माणसाने त्यानंतर एकदाही वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी माझाही पाठ झाला. माझी प्रस्तावना फसली, पोरं एकदा चुकीच्याच शब्दावर गेली, तक्ता उलटा लटकला. मला पहिला वर्ग. ती नापास. जूनमध्ये तिच्या जागेवर एक प्रशिक्षित बाई आल्या.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली. परवा नातीला शाळेतल्या बाईंनी उच्चारासाठी उभं केलं, हे तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा कळलं की राग अजून तसाच आहे. मला चांगल्या उच्चारांचा राग नाही. ण मला आवडतो, मी त्यावर गूळ खर्च केलाय. मला राग आहे तो त्या टोपण लावण्याचा. बाईंना शिकवता येतं का हे बघायला बसवलेला माणूस एका पोरीच्या चेहऱ्याकडे न बघता उठून जातो, आणि त्याने दिलेल्या गुणांवर विद्यापीठाचा शिक्का बसतो. आणि राग आहे मागच्या बाकावरच्या त्या बाईचा. तिने तांब्या हातात घेतला आणि वर्गासमोर पाणी प्यायली. मी प्यायले. घसा कोरडा पडला होता म्हणून नाही. काहीतरी करायला हवं होतं, आणि उठून बोलायचं धाडस नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने पाठ पुन्हा दिला आणि पास झाली. परीक्षक दुसरे होते, आणि एका कानाने बहिरे होते असं तिचं म्हणणं. नोकरी मिळाली ती लांब, जव्हारकडच्या आश्रमशाळेत. तिथल्या पोरांची घरची बोली तिला ओळखीची नव्हती. एकदाच तिचं पत्र आलं, त्याच भयंकर अक्षरात, की ती पोरं मला सुधारतात आणि मी सुधारते. मग पत्तेही बदलले, तिचा आणि माझा. बंदरावर आता तिच्या घरचं कुणी राहत नाही. आई गेली, भावाने बोट विकली. मी मासे आणायला अजून तिथेच जाते. कुणालाही भाव विचारण्याआधी क्षणभर थांबते.

एक सांगायचं राहिलं. निकाल लागला त्याच आठवड्यात मी रिक्षा करून पाचूबंदरला गेले होते. लिलाव उरकला होता. ती आणि तिची आई टोपल्या धूत होत्या. मी सांत्वनाला गेले होते म्हणे, पण पोहोचल्या पोहोचल्या तोंड सुटलं.

"एक अक्षर गं! त्या पोरीला नुसतं 'पाणी म्हण बाळ' म्हटलं असतंस तर आज नोकरी हातात होती. तुला म्हणता येत होतं ना? मग का नाही म्हटलंस?"

ती टोपली घासत राहिली. तिची आई हात झटकून उठली, आत गेली, आणि भरलेला पेला घेऊन आली. माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाय, पानी घे. लांबून आलीस."

मी पेला घेतला. आई परत टोपल्यांकडे गेली. तेव्हा ती मान वर न करता, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू, म्हणाली, "मावशी, त्या पोरीला चुकलीस म्हटलं असतं, तर तिनं घरी जाऊन पयली आयशीला सुधारली असती."