बर्फाची लादी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मॅडम अकोल्यातल्या एका कॉलेजात शिकवतात. जिना चढताना त्या स्वतःशीच बोलतात. कुणी टोकलं तर म्हणतात, "मी त्यायच्याशी बोलून राहिली." ते म्हणजे तलावाच्या गाळात राहणारे, झिंग्यांच्या जातीचे तांदळाएवढे जीव. थंडीत अंगात साठवलेली चरबी ते उन्हाळ्यात कशी पुरवतात, हे त्या शोधत होत्या. वर्षभराचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये होते.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. दुपार झाली तरी वीज येईना. नमुने वाचवायला मॅडमनी कुठूनतरी बर्फाची लादी मिळवली. ती रिक्षातून उतरवत असतानाच माझी आई अंगणात कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता.

मॅडमनी एकदाच आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि लादी फरशीवर आपटून फोडली.

"काय पाहून राहिले? काखेत ठेवा, मानेले लावा!"

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा आईनं डोळे उघडले होते. बर्फाचं पाणी झालं होतं. मी चाचरत नमुन्यांचं विचारलं.

"गेले असतीन ते," त्या म्हणाल्या. मग आईची चप्पल उचलून त्या माझ्याआधी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढल्या.