फोडणीचं जॅकेट

शैलेंद्र नागपूरचा, आणि एक नंबरचा हट्टी. २००२ साली अमेरिकेत ॲन आर्बरमधली त्याची सॉफ्टवेअरची नोकरी गेली, तेव्हा आम्ही शेजारी त्याला देशात परत जा म्हणून सांगत होतो. ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे ऐकतो कशाला! गावाबाहेर वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं ऐंशी एकर रान होतं, तिथे हा झाडं कापायला लागला.

काम ऐकून मी कपाळावर हात मारला. वॉल्टरला हरणांची शिकार करायची होती, आणि हरणं यावीत म्हणून रान खालून दाट हवं होतं. शैलेंद्र बारीक झाडं छातीच्या उंचीवर पाऊण कापायचा आणि आडवी पाडायचा. साल एका बाजूनं जोडलेली राहते, झाड मरत नाही. हरणांना तोंडाशी पाला मिळतो, बसायला आडोसा मिळतो. मधे एकच वाट मोकळी ठेवायची, ती वॉल्टरच्या बंदुकीसमोरून जायची.

शिकारी माणसं अंगाला घरचा वास लागू नये म्हणून कपडे बाहेर ठेवतात. आम्ही मराठी लोकसुद्धा फोडणीआधी कोट कपाटात कोंडतो. हा पठ्ठ्या मात्र कामाचं जॅकेट स्वयंपाकघराच्या दारालाच टांगायचा. त्याची बायको नंदा रोज ओरडायची. हिंगाचा वास त्या जॅकेटला कायमचा बसला.

फेब्रुवारीत मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. मोटरच्या करवतीच्या एवढ्या मोठ्या आवाजानं चिटपाखरू फिरकणार नाही असं मला वाटलं. करवत थांबली, मी मान वळवली, तर बर्फात अकरा हरणं उभी. पडलेल्या फांद्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एक मादी पुढे आली आणि शैलेंद्रची बाही हुंगू लागली.

"हिंगाचा स्मेल आला की जेवण, एवढं फिक्स झालंय त्यांच्या डोक्यात," तो हसत म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला तिथून पळावंसं वाटलं.

हे त्यानं कौतुकानं वॉल्टरला सांगितलं, तिथेच गाढवपणा झाला. नोव्हेंबरात शिकारीच्या पहिल्या दिवशी वॉल्टर म्हणाला, जॅकेट त्या वाटेवर टांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. घरात दुसरी मिळकत नव्हती. शैलेंद्रनं टांगलं. एकच बार झाला आणि एक नर पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शैलेंद्र माझ्या दारात उभा, चेहरा पांढराफटक. आदल्या दिवशीचं सगळं त्यानं सांगितलं.

"जॅकेट जाळून टाक," मी चिडून म्हणालो.

"कालच जाळलं यार. आज नवीन कोट घालून गेलो, करवतसुद्धा स्टार्ट केली नव्हती. तरी दहाच्या दहा आली. ओरडलो, लाकडं फेकून मारली. दोन पावलं मागे सरकायची, परत यायची. ती मादी माझा हात हुंगत होती. रागावलीसुद्धा नाहीत रे ती!"

मी त्याला आत बसवलं. पाणी दिलं, ते त्यानं तसंच हातात धरलं.

"वॉल्टर लांबून बघत होता," तो म्हणाला. "शनिवारी त्याचा भाऊ येतोय शिकारीला. मला म्हणाला, जॅकेट नसलं तर नसू दे, त्या वाटेवर तूच उभा राहा."