तीन दाण्यांची शेंग

मी मातीचे दागिने करते. नवा रायपूरच्या प्रदर्शनात टेबल मांडलं की बायका एकेक नग उचलून हसतात. "दीदी, ये तो भिंडी है!" असतेच ती भेंडीची चकती, फक्त मातीची. सोन्यातले मोर आणि कोयऱ्या मला कधी रुचल्या नाहीत. रोज ज्यानं बरं वाटतं, ते अंगावर का घालू नये, एवढंच माझं म्हणणं.

बाबा गेले आणि मला काही सुचेना. त्या दिवशी नात्यातल्या बायकांनी आईचं मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली आणि त्याच भरात कानातलंही काढलं. कानाचा नवऱ्याशी काय संबंध, असं ओरडावंसं वाटलं होतं. तेव्हापासून आई कानावर पदर ओढून वावरायची. तिनं पुन्हा काहीतरी घालावं, याचा मी ध्यासच घेतला.

बाबा रेल्वेतल्या नोकरीवरून घरी येताना उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणायचे. दोघं दारात बसून सोलायचे. तीन दाण्यांची शेंग ज्याला सापडेल तो जिंकला, हरलेल्यानं चहा करायचा. बाबा आधीच चाचपून तसल्या शेंगा खिशात दडवायचे. आईला ते ठाऊक होतं. तरी ती रोज भांडायची आणि रोज चहा करायची. आमच्या घरात याहून मोठं सुख मी पाहिलं नाही.

ओल्या मातीवर खरी शेंग दाबून जाळी उमटवली, तीन फुगवटे केले, धानाच्या कोंड्यात आईसाठी कानातल्यांचा जोड भाजला. तयार झाला तेव्हा आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आलेली होती. मला कुठला धीर! तिच्यासमोरच तो आईच्या हातावर ठेवला. आईनं जाळीवरून अंगठा फिरवला, आत्याकडं पाहिलं.

"माहे कान बुजले आता," ती म्हणाली.

आत्यानं मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या गावी परतल्यावर एका दुपारी मी आईच्या डोक्याला तेल लावत होते. केस मागं सारले, तर कानाच्या भोकात कडुलिंबाची काडी. दुसऱ्या कानातही तीच. काडी हिरवी होती, म्हणजे आई ती बदलत होती.

"आई, बुजले म्हणे ना तुहे कान? खोटं काहून बोलली?"

"तिचा भाऊ गेला. तिच्यासमोर कसं म्हणू, मले घालायचे आहेत म्हणून?"

मला रडू आलं. ती मात्र उठली.

"आण ते."

काड्या काढून ती आरशासमोर उभी राहिली. तार भोकात जाईना, डोळे भरून आलेले. मी हात पुढे केला.

"राहू दे. काढतानी किती हात लागले होते माह्या कानाले! घालाले माहेच पुरे."