डुमसची भरती

आमच्याकडे मोठं शहर म्हणजे सुरत. मुंबई टीव्हीत दिसते आणि पुणे पोरांच्या परीक्षांपुरतं असतं. लग्नाचा बस्ता बांधायचा तर सुरत, दुखणं हाताबाहेर गेलं तर सुरत, गावात काम मिळेना की गाठोडं उचलून निघायचं तेही सुरतेलाच. शहाद्याजवळच्या आमच्या गावात असं घर सापडणार नाही ज्याचं कुणी सुरतेच्या उधन्याला कामाला नाही. माझी आईही सुरतेला कितीतरी वेळा जाऊन आली होती, पण प्रत्येक वेळी दारावर.

कुणाकडे माणूस गेलं की त्या घरी भेटायला जाणं, त्याला आम्ही दारावर जाणं म्हणतो. गल्लीच्या तोंडापासूनच बायका रडायला लागतात. आत गेलं की पाणी मिळतं, पुरुष खाली मान घालून बसतात, मेलेल्या माणसाच्या दोन चांगल्या गोष्टी निघतात. आणि तिथून उठलं की वाटेत कुणाच्या घरी पाय ठेवायचा नाही, बाहेर काही खायचं नाही, सरळ आपलं घर गाठायचं आणि अंघोळ करूनच चुलीला हात लावायचा. आमच्या गल्लीत या सगळ्याचं शेवटचं कोर्ट म्हणजे माझी आई. कुणाची सून दारावरून येताना शहाद्याच्या स्टँडवर रसवंतीत बसली, असं कानावर आलं की आई तिला आठवडाभर सोडायची नाही. त्यामुळे सुरतेला इतकं जाऊनही तिनं समुद्र कधी पाहिला नाही. तापी मात्र तिनं जन्मभर पाहिली. हे एवढं पाणी जातं तरी कुठे, ते एकदा बघायचंय, असं ती मी लहान असल्यापासून म्हणायची.

मग तिच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू असेल म्हणून गेलो तर काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दादाही सोबत होता, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि म्हणाली, "मंग मन्हा समुद्र ऱ्हाई गया." डोळे जाणार म्हणून नाही, समुद्र राहिला म्हणून तिला वाईट वाटलं. मी तिथेच ठरवलं की बाकी काही होवो न होवो, हिला समुद्र दाखवायचाच.

मी धडगावला शिक्षिका आहे. शाळेतल्या एका सहकाऱ्याची सासुरवाडी सुरतेची, त्याला धरून बसले. तो म्हणाला, मॅडम, सुरतेचा समुद्र म्हणजे डुमस, तिथे जाल तर भरती बघून जा. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की आपल्याला नुसता चिखल दिसतो. आता आम्हा खानदेशी माणसांना भरती-ओहोटी पुस्तकातलीच माहीत. मी वर्गात ती शिकवते, पण समुद्र असा उठून निघून जातो हे मनाला कधी शिवलंही नव्हतं. आणि आईला तर लांबचं दिसतच नव्हतं. पाणी पायापाशी यायला हवं होतं. मग रविवारही असेल, दुपार उतरताना भरतीही असेल आणि ऊनही डोळ्यावर येणार नाही, असा दिवस मी मोबाइलवर शोधत बसले. शाळेला जाता-येता जीपमध्ये घाटातल्या वळणांवर रेंज जायची आणि मी मनातल्या मनात त्या मोबाइलला शिव्या घालायची.

खाण्याचंही असंच. आईच्या तोंडात दात उरले नव्हते. तिला काय चावेल, यापेक्षा काय चावावं लागणार नाही, हे बघायचं होतं. सकाळी स्टेशनवर उतरलं की लोचो, म्हणजे लगद्यासारखं मऊ खमण, तो तर नुसत्या जिभेनं खाता येतो, वरून तेल आणि बारीक शेव, शेव नको म्हणून सांगायचं. मग तापीकाठच्या चौपाटीच्या बागेत सावलीत बसायचं. दुपारी रसावालं खमण. आलूपुरी तिखट असते, ती मी खाईन आणि तिला नुसती चव देईन. डुमसला भजी, त्यातली मऊ. पाण्यात पाय घालून झाले की येताना कोल्ड कोको. बाथरूम कुठे चांगलं आहे तेही विचारून ठेवलं होतं. कुणाला हसू येईल, पण लग्नाच्या तयारीतही माझा जीव एवढा रमला नव्हता.

माशी शिंकली ती वहिनीपाशी. आईनं कौतुकानं तिला सांगितलं, तिनं दादाला, आणि दादाचा फोन आला. "सुरतेला चाललीसच, तर काकांच्या दारावर जायचं बाकी आहे आपलं."

आमच्या वडिलांचे चुलतभाऊ उधन्याला लूमवर होते, ते हिवाळ्यात गेले होते. दादाला तेव्हा सवड नव्हती. नंतरही नव्हती. आता आईला घेऊन मी निघाले म्हटल्यावर ती एकदम सापडली.

मी म्हटलं, "दादा, ते नंतर जाऊ. मी आईला फिरायला नेतेय."

"म्हणजे घरात मयत झालेली, आपण तोंड दाखवलं नाही, आणि म्हातारी सुरतेत भजी खात हिंडते? उद्या उधन्याच्या कुणी पाहिलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहील का? मी गाडी करतो. सगळेच जाऊ. होऊन जाईल दोन्ही."

दोन्ही कसं होणार होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आधी समुद्र केला तर लोक नावं ठेवणार, नंतर केला तर आई ऐकणार नाही. मी आईला म्हटलं, तू नाही म्हण. ती म्हणाली, "तो बी खरंच बोली ऱ्हायना. दारवर तं जानंच पडी." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण कुणावर काढणार?

रविवारी गाडी निघाली. दादा, वहिनी, त्यांची मुलं, मी आणि फिकट लुगडं नेसलेली आई. उधन्याच्या त्या गल्लीच्या तोंडाशी आईनं पदर डोळ्याला लावला आणि रडायला लागली. काकू आतून रडत आल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच, की आता पाणी चढायला लागलं असेल. मेलेल्या माणसाच्या घरी बसून असं वाटावं याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

निघालो. गाडी महामार्गाला लागायची ती उलट्या दिशेला वळली. दादा ड्रायव्हरला सांगत होता, "आलोच आहोत तर डुमस करून जाऊ. पोरं कंटाळलीत." मला वाटलं, याला झाली बाई आईच्या समुद्राची आठवण.

गाडी भज्यांच्या टपऱ्यांच्या मागे उभी राहिली. समोर टपऱ्यांची पाठ, तेलाचे डबे आणि प्लास्टिकची ताडपत्री. तिच्या पलीकडे समुद्र होता, आवाज येत होता. मुलं पळाली, वहिनी त्यांच्यामागे गेली. मी दार उघडून हात पुढे केला. आई हलली नाही.

"दारवरथून फिराले जास का कोनी? तू जाय. मी आठेच बससू."

"माय, भरती आहे. इथून चार पावलं आहेत. तुझ्याचसाठी हे सगळं केलं गं मी."

"जाय तू."

मी रडकुंडीला आले. टपरीपाशी दादा भजी खात उभा होता, कागदात टोमॅटोची भजी, हाताला चटणी. त्याच दारावरून तो आला होता. पुरुषांना चालतं. त्याला म्हटलं, "दादा, तू एकदा ये आणि म्हण, माय, चाल. बस. तुझ्या एका शब्दावर ती उतरेल."

आणि ती उतरली असती. आमच्या घरात बाईनं पाळलेला नेम बाईनं मोडता येत नाही, पण मुलानं म्हटलं की तो मोडला असं होत नाही. आमच्या मोठ्या मामीच्या मयतीनंतर वर्षभर गोड नाही म्हणून बसलेल्या आईनं दादाच्या एका "खा" म्हणण्यावर शिरा खाल्लेला मी पाहिला होता.

दादा हात पुसत म्हणाला, "तिची मर्जी नाही तर जबरदस्ती कशी करायची? पुढच्या वेळी आणू की."

जबरदस्ती. हा शब्द त्यानं त्या दिवशी वापरला. माझा एवढा बेत एका फोनवर पालथा घालताना त्याला तो आठवला नव्हता. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?" तर म्हणतो, "डॉक्टर असंच बोलतात." आणि आईसाठी म्हणून त्यानं गाडीत भजी नेऊन दिली. आईनं कागद मांडीवर तसाच धरून ठेवला. मी समोरच्या सीटवर बसले आणि ताडपत्रीकडे बघत राहिले. मीही समुद्र पाहिला नाही, पाहूच शकले नाही.

नंतर मी दोनदा म्हटलं, चल, आपण दोघीच जाऊ. पहिल्यांदा आई म्हणाली, पाऊस होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाली, "तुन्हा भाऊले वाईट वाटी." मुलानं सुरतेला नेऊन दाखवला नाही म्हणून पोरीनं नेला, असं गावात व्हायला नको होतं तिला. मला तिचाही राग आला, दादापेक्षा जास्तच आला. दिवाळीच्या सुमारास तिला दारातून येणारं माणूस कळेनासं झालं. आता ती आवाजावर ओळखते.

परवा मी गावी गेले होते. दादाकडे त्याचे सासरे आले होते. आईच्या डोळ्यांचं विचारलं त्यांनी, हळहळले. दादा म्हणाला, "डोळे होते तोवर तिची हौस पुरवली पण. सुरतेला नेऊन समुद्र दाखवून आणला."

मी चहाचा कप धरून उभी होते. वाटलं, आता आई बोलेल. आई बोललीच. "हां. मन्हा पोऱ्यानी दखाडा. लई मोठा शे, नजरमां नही मावस." दादानं मान हलवली. त्याला आठवत तरी होतं की नाही, देव जाणे. मग सासरे माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही पण होत्या ना तेव्हा?"

आईनं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला केलं. मी "हो" म्हटलं. नाही म्हटलं असतं तर दादा म्हणाला असता, मी तर नेलं होतं, तीच उतरली नाही, आणि खोटी आई पडली असती, दादा नाही.