काठावरचा टाका

रेखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चामोर्शीत, शाळेत जायच्या घाईत वेणी घालत होते. तिच्या नवऱ्याने एवढंच सांगितलं, "ताई, ती गेली." मी "बरं" म्हणाले. काय बावळट शब्द निघाला तोंडातून! अर्धी वेणी तशीच ठेवून चंद्रपूरची बस धरली... आता महिना होऊन गेला, पण राग काही जात नाही. रागच आहे तो. दुःख म्हणायला मला अजून जमत नाही.

लहानपणी ऊर्जानगरच्या क्वार्टरांत माझं आणि रेखाचं दार समोरासमोर. ती शिकून त्वचारोगाची डॉक्टर झाली, चंद्रपुरात दवाखाना टाकला. मी मास्तरीण होऊन सासरी चामोर्शीला आले. डॉक्टर झाली तरी भांडायची लहानपणीसारखीच, कमरेवर हात ठेवून.

काही वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर चाई पडली. आधी केस गेलेला एक चट्टा, मग दुसरा. चाई म्हटली की आमच्याकडे बिब्बा. सासूबाईंनी मोठ्या मायेने बिब्ब्याचं तेल काढून लावलं आणि डोक्यावर फोड आले. पदर घट्ट ओढून मी रेखाकडे गेले. तिने बघितलं आणि अशी भडकली की बाहेर बसलेले पेशंट गप्प झाले. चट्टा गुळगुळीत झाला होता. पण तो रोगाने की बिब्ब्याने भाजून, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. केसांची मुळंच मारणारा रोग असला तर गेलेले केस परत यायचे नव्हते. मला फक्त 'येतील' एवढंच ऐकायचं होतं. पण तुकडा काढून तपासल्याशिवाय ती बोलायला तयार नव्हती.

मी वैतागून म्हटलं, घे मग त्या टकलावरून, तिथं तसंही काय उरलंय. ती हसली. तुकडा चट्ट्याच्या मधून घेत नाहीत, काठावरून घेतात, जिथे केस अजून उभे आहेत. "मधात सगळं संपलं आहे. भांडण काठावर चालू आहे, तिथीच इचारा लागते." बधिर करायची सुई टोचून तिने गोल पात्याने तुरीच्या दाण्याएवढा तुकडा काढला, एक टाका घातला, तुकडा बाटलीत टाकून नागपूरला पाठवला. आणि मग तिची नेहमीची रीत... हलक्या हाताने कंगवा फिरवून, टाका झाकेल अशी वेणी घालून दिली. प्रत्येक बाईला द्यायची. असं डोकं घेऊन बाई बसमध्ये कशी बसेल, म्हणायची.

रिपोर्ट आला तेव्हा तिने मला समोर बसवलं. "गेलेले केस येणार नाई. उरलेले वाचवू." मी रडले, तिला नाही नाही ते बोलले. पण उरलेले तिने खरंच वाचवले.

यंदा तिचंच पोट दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला आणि मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. खोलीत परत येऊन तो बिचारा हसून म्हणाला, सगळं ठीक आहे. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच म्हणू लागला. अरे, डॉक्टर होती ती! पण कुणी बोलत नाही म्हणून तीही गप्प राहायची. एका दुपारी नवरा जेवायला खाली गेला तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू तरी खोटं नको बोलू. मी तुले खरं सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "बरं नाई होणार, रेखा... दुखणं कमी करू."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, चिडली. मग मला जवळ बोलावून बोटांनी माझ्या केसांत चाचपडत तिने त्या टाक्याची खूण शोधली, आणि बोट तिथेच ठेवून बोलत राहिली. लेकीच्या लग्नाचं, दवाखाना कुणाला द्यायचा त्याचं, नवऱ्याला एकटं राहू देऊ नको म्हणून... पोटात साठलेलं सगळं.

त्या जागी अजून केस नाहीत, नुसती बारीक खूण आहे. सकाळी कंगवा तिथं आला की माझा हात आपोआप हलका होतो, तिचा व्हायचा तसा. शाळेला उशीर होतो. होऊ दे.