चाकावरचं काळं

बाबांची विकलेली गाडी न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता, म्हणून सकाळीच मी तिची चाकं पुसायला बसले. अलॉयच्या चाकांवर काचेसारखा पारदर्शक थर असतो. "घासू नकोस, हलक्या हाताने पूस," बाबा दर रविवारी मागे उभे राहून बजावायचे. आजही मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं.

तीन चाकं लखलखली. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं राहिलं होतं, तेवढ्यात आई आली.

"हे काळं कसलं गं?"

"ब्रेकची भुकटी. ब्रेक दाबला की तो थोडा झिजतो, त्याची भुकटी चाकावर बसते."

आई चाकापाशी वाकली. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी गाडी इथेच, रेषेत नीट लावली आणि ते उतरलेच नाहीत. तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. गेलेल्या माणसाचे कपडे, चष्मा आपण जपतो. त्याचं थांबणंही कुठेतरी उरलेलं असेल, हे कुणाला सुचतं? माझ्या बादलीतलं पाणी तर केव्हाच काळं झालं होतं.

आईने पदराचं टोक त्या भुकटीवर टेकवलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"आता पूस," ती म्हणाली. "घासू नकोस. हलक्या हाताने."