तुकड्यांतला तानपुरा

कराडला इंजिनिअरिंग संपवून मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, तेव्हा गावात वेबसाइट बनवणारं कुणी नव्हतंच म्हणा ना. क्लासच्या सरांनी "तुला येतं ना ते?" असं विचारलं आणि मी "हो" म्हणून बसले. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मिरजेतले तानपुरे बनवणारे एक कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांची वाद्यं परदेशातही जायची. तिकडच्या लोकांना ती घरबसल्या दिसावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

मी जीव ओतून पान केलं. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. मोठा फोटो उमटेपर्यंत बघणारा चहा करून परत यावा. म्हणून मी तानपुऱ्याच्या फोटोचे लहान तुकडे कापले आणि न दिसणाऱ्या चौकटींत एकाखाली एक बसवले. माझ्या मशीनवर सांधासुद्धा दिसत नव्हता. मी खूश.

चाचांना दाखवायला मिरजेच्या सायबर कॅफेत गेले. तिथला ब्राउझर वेगळा होता. पान उघडलं, तर खाली भोपळा, वर दांडी आणि मध्ये बोटभर पांढरी फट.

चाचा पडद्याजवळ वाकले. "आवं ताई, ह्याची मान मोडलीया की!"

"माझ्याकडे नीट दिसतंय हो चाचा. हा ब्राउझर वेगळा आहे."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू? सांगलीला येऊन बघा म्हणू?"

कॅफेवाला तोंड फिरवून हसला.

पुढे कितीतरी दिवस मी ती फट बुजवत होते. एका ब्राउझरमध्ये बुजली की दुसऱ्यात भोपळा दांडीवर चढून बसायचा. पान कसं लिहावं याचे नियम ठरलेले होते, मी ते छापून भिंतीवर चिकटवलेही होते. पण दोन्ही ब्राउझर आपापल्या मर्जीचे मालक. शेवटी वैतागून कोडमधली एक रिकामी जागा पुसली आणि फट गायब! का, ते तेव्हा कळलं नाही. मी सरांना पेढे दिले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा ईमेल आला. त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या पानावर तो मला 'टी एक, टी दोन, टी तीन' एवढंच वाचतो. तुम्ही विकता तरी काय?"

मला आधी हसू फुटलं, मग मी पानाचा कोड उघडून पाहिला. बिचारं मशीन माझ्या तुकड्यांची नावं वाचत होतं. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहायची सोय होती. पण पान बनवायच्या सॉफ्टवेअरनं ती जागा कोरी सोडली होती आणि ती भरायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी थेट मिरजेला गेले. ऐकल्यावर चाचा म्हणाले, "दिसत न्हाई व्हय तिला? मग लिही, मी सांगतो."

एका तानपुऱ्यावर हात ठेवून ते बोलू लागले. "बायकांच्या गळ्याचा हाय. वजनाला हलका. भोपळा हाताला गुळगुळीत लागतो. तार छेडली की सूर लय येळ ऱ्हातो."

"आणि रंग? तो लिहायचा का?"

"लिही की! तिच्या शिष्यांनी इचारलं तर सांगाया नको तिला?"

मी सगळे तुकडे फेकून दिले. एकच लहानसा फोटो ठेवला आणि त्याच्यामागे नि त्याच्याखाली चाचांचे शब्द इंग्रजीत करून घातले. दोन्ही ब्राउझरमध्ये पान पहिल्याच फटक्यात सरळ दिसलं. इतके दिवस केलेली मारामारी आठवून मला राग यावा की आनंद व्हावा, कळेना.

नवं पान ऐकून बाईंनी दुकानावर फोन केला, तेव्हा मी तिथंच होते. त्यांना वाद्य ऐकायचं होतं. मी रिसीव्हर भोपळ्याशी धरला आणि चाचांनी तारा छेडल्या. मग पलीकडून बाईंनी आपला सा लावला, तारेपेक्षा थोडा खालचा. चाचांनी खुंटी पिळून तार उतरवली. पुन्हा छेडली. पुन्हा त्या गायल्या. आता दोन्ही सूर असे मिळाले की कोणता फोनमधला आणि कोणता दुकानातला, ते मला सांगता येईना. मग बाई फोनवर इंग्रजीत काही बोलल्या.

"हाच पाठव म्हणत्यात?" चाचांनी विचारलं. मी मान हलवली. ते उठून वाद्य भरायच्या खोक्यासाठी फळ्या शोधायला आत गेले.